साखर कारखान्यातली वाफ तीन-तीनदा कामाला लावणारे नॉर्बर्ट रिल्यू कोण होते?

गुऱ्हाळावर गेला असाल तर काहील पाहिली असेलच. खाली जाळ, वर उसाचा रस, आणि रसातून उठणारी वाफ थेट आकाशात. गूळ तयार होईपर्यंत रसातलं बहुतेक पाणी उडून जातं. ते उडवायला जेवढं जळण लागतं, त्यातली बरीचशी उष्णता त्या वाफेबरोबरच निघून जाते.

साखर कारखान्यात मात्र तुम्हाला उघडी काहील दिसत नाही. तिथे एका रांगेत चार-पाच उंच, बंद टाक्या उभ्या असतात. कारखान्यातले लोक त्यांना 'बॉडी' म्हणतात. पहिल्या टाकीतल्या रसाची वाफ दुसऱ्या टाकीतला रस उकळते, दुसरीची वाफ तिसरीतला. बाहेरून वाफ दिली जाते ती मुख्यतः पहिल्याच टाकीला.

या रचनेचं नाव मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर. ती प्रत्यक्षात चालवून दाखवली नॉर्बर्ट रिल्यू या अमेरिकन इंजिनिअरने, 1840 च्या दशकात. ज्या राज्यात त्यांनी ती चालवली, तिथे त्यांच्यासारख्या वर्णाचे हजारो लोक गुलाम होते. आणि ज्या मळ्यांसाठी चालवली, ते मळे त्याच गुलामांच्या कष्टावर उभे होते.

जन्माच्या नोंदीतच 'स्वतंत्र'

नॉर्बर्ट रिल्यू यांचा जन्म 17 मार्च 1806 चा, न्यू ऑर्लिन्स शहरातला. लुइझियानाचा प्रदेश फ्रान्सकडून अमेरिकेकडे येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. शहराची भाषा, चालीरीती, खाणंपिणं अजून फ्रेंचच होतं.

वडील व्हिन्सेंट रिल्यू गोरे, श्रीमंत, आणि स्वतःही यंत्रांमध्ये रस असणारे. आई कॉन्स्टन्स व्हिवां मिश्रवंशीय, पण गुलाम नव्हती. तिथल्या कायद्याला गोरे आणि कृष्णवर्णीय यांचं लग्न मान्य नव्हतं. तरी अशी घरं न्यू ऑर्लिन्समध्ये बरीच होती. त्या घरांतली मुलं 'स्वतंत्र रंगीत लोक' या वेगळ्या वर्गात मोडत. ते गुलाम नव्हते, पण गोऱ्यांच्या बरोबरीचेही नव्हते. मालमत्ता बाळगता येई, व्यवसाय करता येई. मतदान मात्र करता येत नसे.

नॉर्बर्टच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत तो स्वतंत्र असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ती नोंद नीट असणं त्या शहरात किती महत्त्वाचं होतं, हे समजणं अवघड नाही.

या घराण्याचा आणखी एक धागा आहे. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार एदगार देगा यांची आई ही नॉर्बर्टची आत्येबहीण. म्हणजे एकाच घराण्याची एक शाखा पॅरिसच्या चित्रकलेत नाव कमावणार होती आणि दुसरी साखरेच्या कारखान्यात.

पॅरिसमध्ये विद्यार्थी, मग शिक्षक

मुलगा हुशार होता आणि वडिलांकडे पैसा होता. लुइझियानात त्याला उच्च शिक्षण मिळणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला फ्रान्सला पाठवलं गेलं. तिथे त्याने इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं. 1830 मध्ये, वयाच्या 24 व्या वर्षी, तो पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेत उपयोजित यंत्रशास्त्र शिकवू लागला. वाफेच्या इंजिनांवर त्याने निबंधही प्रसिद्ध केले.

तो काळच वाफेचा होता. खाणी, गिरण्या, जहाजं, सगळीकडे वाफेची इंजिनं येत होती. वाफ किती उष्णता धरून ठेवते आणि त्या उष्णतेतून काम किती मिळतं, हा त्या वेळच्या शास्त्रज्ञांचा आवडता प्रश्न होता. रिल्यू यांनी हा प्रश्न उचलून साखरेच्या भट्टीपाशी नेला.

काहिलींची रांग आणि भाजणारे हात

लुइझियानात तेव्हा साखर कशी बनायची?

एका लांब भट्टीवर ओळीने मोठ्यापासून लहानापर्यंत उघड्या कढया बसवलेल्या असत. या पद्धतीला 'जमैका ट्रेन' म्हणत. ताजा रस सगळ्यात मोठ्या कढईत पडे. तो आटत गेला की गुलाम मजूर लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस पुढच्या कढईत टाकत. असं करत करत शेवटच्या, सगळ्यात लहान कढईत घट्ट पाक तयार होई.

उसाचा हंगाम सुरू झाला की हे काम दिवसरात्र चाले. ऊस तोडल्यावर थांबता येत नाही, रस खराब होतो. थकलेली माणसं, उकळता पाक आणि उघडा जाळ, त्यामुळे भाजण्याचे अपघात नेहमीचे होते.

मालकांच्या दृष्टीनेही ही पद्धत वाईटच होती. जाळावर नीट ताबा नसल्याने पाक करपे, साखर काळपट होई. आणि लाकूड प्रचंड लागे.

लाकूड इतकं का लागे, याचं उत्तर पाण्याच्या एका गुणधर्मात आहे. 1 किलो पाणी 0 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापवायला साधारण 100 किलोकॅलरी उष्णता पुरते. पण तेच उकळतं पाणी पूर्णपणे वाफेत बदलायला आणखी सुमारे 540 किलोकॅलरी लागतात. म्हणजे तापवण्याच्या पाचपटीहून जास्त. ही उष्णता थर्मामीटरवर दिसत नाही, म्हणून तिला 'सुप्त उष्णता' म्हणतात. ती वाफेत साठलेली असते. उघड्या कढईतून वाफ गेली की ती उष्णताही गेली.

मग रिल्यू यांनी काय केलं?

वाफ पुन्हा पाणी झाली की ही सुप्त उष्णता परत मिळते. मग कढईतून उठणारी वाफ दुसऱ्या कढईखाली का नेऊ नये?

यात एक अडचण आहे. 100 अंशांची वाफ 100 अंशांनाच उकळणाऱ्या रसाला उकळवू शकत नाही. उष्णता वाहायला तापमानात फरक हवा.

इथे रिल्यू यांना हवेच्या दाबाची मदत मिळाली. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी 100 अंशांच्या वर उकळतं. याच्या उलट दाब कमी केला तर पाणी कमी तापमानाला उकळतं. डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो तो यामुळेच. बंद भांड्यातली हवा पंपाने काढून घेतली तर पाणी 60 अंशांच्या आसपासही उकळायला लावता येतं.

साखरेचा रस निर्वात भांड्यात उकळण्याची कल्पना इंग्लंडच्या एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी 1810 च्या दशकातच आणली होती. त्याने साखर करपणं थांबलं. पण तिथेही वाफ एकदाच वापरली जात होती.

रिल्यू यांनी अशी बंद भांडी एकापुढे एक जोडली. पहिल्या भांड्याला ऊस पिळणाऱ्या वाफेच्या इंजिनातून बाहेर पडणारी वाफ दिली, जी एरवी वायाच जायची. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला दिली आणि दुसऱ्यातला दाब कमी ठेवला. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला, तिथला दाब आणखी कमी. शेवटची वाफ थंड करून तिचं पाणी केलं, त्यामुळे निर्वात टिकून राहिलं. रस एका भांड्यातून दुसऱ्यात नळीने जाऊ लागला. उकळत्या कढयांमध्ये पळी घेऊन उभं राहायची गरज उरली नाही.

नोकरी गेली, प्रयोग फसले

ही कल्पना पॅरिसमध्ये आकाराला आली, पण ऊस होता लुइझियानात. 1833 च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सचे व्यापारी एडमंड फोर्स्टॉल यांनी रिल्यू यांना आपल्या नव्या साखर शुद्धीकरण कारखान्याच्या मुख्य इंजिनिअरपदासाठी बोलावलं. ते परतले. पण कारखाना पूर्ण होण्याआधीच फोर्स्टॉल आणि रिल्यू कुटुंब यांच्यात वाद झाला. नॉर्बर्ट कुटुंबाच्या बाजूने उभे राहिले आणि ती नोकरी गेली.

त्यानंतर इतर मळ्यांवर केलेले सुरुवातीचे प्रयोग यशस्वी झाले नाहीत. आज हे यंत्र साधं वाटतं, पण त्या काळी हवाबंद सांधे, पंप, झडपा सगळंच अवघड होतं. सांध्यातून थोडी हवा आत शिरली तरी निर्वात जाई आणि रस उकळायचा थांबे.

1843 मध्ये त्यांना पहिलं पेटंट मिळालं आणि 1846 मध्ये दुसरं. दरम्यान थिओडोर पॅकवूड या मळेमालकाने आपल्या मर्टल ग्रोव्ह मळ्यावर यंत्र बसवायची तयारी दाखवली. यंत्र तयार केलं फिलाडेल्फियाच्या मेरिक अँड टाऊन या कंपनीने. 1845 मध्ये ते चालू झालं आणि या वेळी चाललं.

साखर पांढरी आली, जळण कमी लागलं. इतर मळेमालक पाहायला येऊ लागले. 1849 पर्यंत लुइझियानातल्या 13 कारखान्यांत रिल्यू यांची पद्धत पोहोचली होती.

ज्यांनी स्तुती केली, ते कोण होते?

रिल्यू यांच्या यंत्राचे सगळ्यात मोठे समर्थक होते ज्यूडा बेंजामिन. वकील आणि बेलशास मळ्याचे मालक. त्यांनी मासिकांत लेख लिहून या पद्धतीचा प्रचार केला. हेच बेंजामिन पुढे अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेले. यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या सरकारात ते युद्धमंत्री आणि परराष्ट्रमंत्री झाले.

यंत्र बसवायला रिल्यू मळ्यांवर जात तेव्हा त्यांची राहण्याची पंचाईत होई, असं सांगितलं जातं. गोऱ्या मालकाच्या घरात पाहुणा म्हणून त्यांना ठेवता येत नसे. गुलामांच्या वस्तीत इतक्या मोठ्या इंजिनिअरला ठेवणंही मालकांना पटत नसे. मग त्यांच्यासाठी वेगळ्या घराची सोय केली जाई आणि सेवेला गुलाम दिले जात.

त्यांच्या यंत्राने उकळत्या कढयांवरचं जीवघेणं काम कमी केलं, हे खरं. पण त्याच यंत्राने मळ्यांचा नफा वाढवला, हेही खरं. ऊस लावायला, तोडायला, वाहायला गुलामच होते. लुइझियानातली गुलामगिरी संपली ती यादवी युद्धामुळे. यंत्राने ती संपली नाही.

शहराला नको असलेली योजना

रिल्यू फक्त साखरेत अडकून राहिले नाहीत. न्यू ऑर्लिन्स सखल, दलदलीच्या जागेवर वसलेलं शहर. दरवर्षी पिवळ्या तापाची भीती. 1853 च्या साथीत तिथे सुमारे 8 हजार लोक मेले. हा ताप डासांमुळे पसरतो हे तेव्हा माहीत नव्हतं, पण साचलेल्या पाण्याशी त्याचा संबंध असावा असं अनेकांना वाटे.

रिल्यू यांनी शहराचं पाणी आणि सांडपाणी काढण्याची योजना तयार केली. ती नाकारली गेली. विरोध करणाऱ्यांमध्ये त्यांचे जुने प्रतिस्पर्धी एडमंड फोर्स्टॉल होते, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. तोवर फोर्स्टॉल राजकारणात वजनदार झाले होते.

1850 च्या दशकात स्वतंत्र कृष्णवर्णीयांवरचे कायदे आणखी कडक होत गेले. त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर, एकत्र येण्यावर बंधनं आली. ज्या माणसाचं यंत्र राज्याची साखर सुधारत होतं, त्यालाही हे कायदे लागू होते. दशकाच्या अखेरीस रिल्यू यांनी फ्रान्सची वाट धरली आणि ते कायमचे तिकडेच राहिले.

फ्रान्समध्ये दुसरी लढाई

त्यांच्या आधी त्यांच्या यंत्राची नक्कल युरोपात पोहोचली होती. तिथे ऊस नव्हता, बीटपासून साखर बनत असे. नकलेत पद्धतीचा गाभा नीट उतरला नव्हता, त्यामुळे परिणाम वाईट आले. मूळ पद्धतच चुकीची आहे असा लोकांचा समज झाला.

रिल्यू काही वर्षं साखरेपासून दूर राहिले आणि प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीकडे वळले. 1880 च्या सुमारास लुइझियानाचे एक मळेमालक पॅरिसला गेले, तेव्हा रिल्यू त्यांना राष्ट्रीय ग्रंथालयात ही लिपी वाचत बसलेले दिसले.

1881 मध्ये, वयाच्या 75 व्या वर्षी, ते पुन्हा साखरेकडे आले. बीटच्या कारखान्यांसाठी त्यांनी आपली पद्धत नव्याने मांडली. जळणात मोठी बचत झाली, पण त्या पेटंटचे हक्क त्यांच्याकडे राहिले नाहीत. 8 ऑक्टोबर 1894 रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. पेर लाशेज या प्रसिद्ध दफनभूमीत त्यांची कबर आहे.

आजच्या कारखान्यात रिल्यू कुठे आहेत?

साखर तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात 'रिल्यूची तत्त्वं' आजही शिकवली जातात.

पहिलं तत्त्व: जेवढ्या टाक्या, तेवढ्या पट पाणी. म्हणजे पाच टाक्यांच्या रांगेत 1 किलो वाफ साधारण 5 किलो पाणी उडवते.

हे एका हिशेबाने पाहू. 100 टन रसात 15 टन विरघळलेले पदार्थ आहेत आणि त्याचा 60 टक्क्यांचा पाक करायचा आहे, असं धरा. शेवटी 25 टन पाक उरेल, म्हणजे 75 टन पाणी उडवायचं. एकच टाकी असेल तर साधारण 75 टन वाफ लागेल. तीन टाक्या असतील तर 25 टन, पाच असतील तर 15 टन. प्रत्यक्षात थोडी जास्त लागते, पण फरक किती मोठा आहे ते कळतं.

दुसरं तत्त्व: मधल्या टाकीतली थोडी वाफ काढून कच्चा रस गरम करायला वापरली तर आणखी बचत होते. पाच टाक्यांच्या रांगेत दुसऱ्या टाकीतून 10 टन वाफ काढली तर 10 चे दोन पंचमांश, म्हणजे 4 टन ताजी वाफ वाचते. तिसऱ्या टाकीतून काढली तर 6 टन. टाकी जितकी पुढची, तितकी बचत जास्त. पण पुढच्या टाकीतली वाफ थंड असते, तिने हवं तेवढं तापमान मिळेलच असं नाही.

तिसरं तत्त्व: वाफ जिथे थंड होऊन पाणी बनते, तिथे अडकलेली हवा आणि इतर वायू सतत बाहेर काढले पाहिजेत. नाहीतर ते उष्णतेच्या वाटेत आडवे येतात.

मग टाक्या 20 का बसवत नाहीत? कारण पहिल्या टाकीतली वाफ आणि शेवटच्या टाकीतला निर्वात यांच्यातला तापमानाचा फरक ठरलेला असतो. टाक्या वाढल्या की तो फरक वाटला जातो आणि प्रत्येकीच्या वाट्याला कमी येतो. त्यातून पाक घट्ट होईल तसा त्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. नळ्यांवर क्षार साचतात. टाक्यांचा खर्च वाढत जातो, बचत मात्र कमी कमी होत जाते.

कोणत्या टाकीतून किती वाफ काढायची, किती टाक्या ठेवायच्या, नळ्या कधी साफ करायच्या, हे ठरवायला आता प्रोसेस मॉडेलिंग वापरतात. सोप्या शब्दांत, कॉम्प्युटरमध्ये आकड्यांचा कारखाना उभा करायचा. किती रस आला, त्यात साखर किती, वाफेचा दाब किती, नळ्यांतून उष्णता किती वेगाने जाते, हे भरायचं. मग खऱ्या यंत्राला हात न लावता बदल करून पाहायचे. त्या सगळ्या समीकरणांचा पाया एकच आहे: आत आलेलं पाणी आणि उष्णता यांचा बाहेर गेलेल्या पाण्याशी आणि उष्णतेशी ताळा जुळला पाहिजे. रिल्यू यांनी हाच ताळा कागदावर घातला होता.

महाराष्ट्राला हा हिशेब परका नाही. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे राज्यभर कारखाने झाले. त्यांच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड, म्हणजे बगॅस, जळतं. वाफ वाचली की बगॅस वाचतो. वाचलेल्या बगॅसवर अनेक कारखाने वीज तयार करून विकतात. म्हणजे टाक्यांच्या रांगेत केलेली बचत थेट कारखान्याच्या ताळेबंदात दिसते.

फक्त साखरच नाही. दुधाची पावडर, मीठ, कागद, फळांचे रस, समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प, रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी आटवणारे प्रकल्प, अशा अनेक ठिकाणी हीच पद्धत आहे.

नाव परत यायला किती वर्षं लागली?

अमेरिकेच्या कृषी खात्यातले साखर रसायनतज्ज्ञ चार्ल्स ब्राऊन यांनी रिल्यू यांच्या शोधाला अमेरिकन रासायनिक अभियांत्रिकीतल्या सर्वांत मोठ्या शोधांमध्ये स्थान दिलं. 1934 मध्ये साखर उद्योगातल्या लोकांनी लुइझियानाच्या राज्य संग्रहालयात त्यांचा स्मृतिफलक बसवला. 2002 मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने या शोधाला ऐतिहासिक रासायनिक वारशाचा दर्जा दिला. हा समारंभ न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड विद्यापीठात झाला, जे मुळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालं होतं. 2004 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्यांचं नाव आलं.

पहिलं पेटंट मिळाल्यापासून मोजलं तर 160 वर्षं झाली होती. रिल्यू यांचं यंत्र वापरताना लुइझियानाच्या मळेमालकांना त्यांचा वर्ण कधी आड आला नाही. त्यांना पाहुणा म्हणून घरात घेताना मात्र आला.